भुलीच्या उंबरठ्यावरील वेदना

गेल्या वर्षीं आमच्या एका मावशींच्या पित्ताशयांतील खडे शस्त्रक्रिया करून काढावे लागले. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. तिसऱ्या दिवशीं मावशी घरीं आल्या आणि आठवड्याच्या आंत त्यांनीं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. समाचारास येणारा प्रत्येक जण विचारी, "फार दुखलें का हो?" त्यावर त्यांचें उत्तर ठरलेलें असे. पोटास चार भोकें पाडलीं, पित्ताशय काढून नेलें, त्यांतलें त्यांना कांहींएक कळलें नाहीं. "पण तें दुधासारखें औषध हातांत सोडलें ना, तेव्हां मनगटापासून कोपरापर्यंत निखारा फिरविल्यासारखें झालें. मी ओरडलें, तर जवळची पोर म्हणाली, 'आजी, आतां एवढ्यांत विसरून जाल!' आणि खरेंच, पुढचें कांहीं आठवत नाहीं. तेवढें मात्र विसरलें नाहीं बघा."

घरांतील मंडळी ह्यावर हंसली. आमच्या मनांत मात्र त्या मुलीचे शब्द घोळत राहिले. ते धीर देण्यासाठींच उच्चारलेले होते, आणि त्यांत तिचा कांहीं दोष होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु त्या चार शब्दांत वैद्यकाच्या इतिहासांतील एक जुना प्रश्न दडलेला आहे. जी वेदना पुढच्याच क्षणीं विसरली जाणार, तिच्यावर उपाय करण्याची खटपट कोणी कां करावी? भूल देण्याचें औषध शिरेंत सोडतांना होणाऱ्या दाहाचा इतिहास म्हणजे ह्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास होय. तोच प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

वेदनेचा इतिहास लिहावयाचा तर साक्षीदार लागतो, आणि भुलीपूर्वींच्या काळांत साक्षीदारांची वाण नव्हती. इ. स. १८११ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस पॅरिस येथें फॅनी बर्नी ह्या प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकर्त्रीच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्र चालविणारा होता नेपोलियनच्या सैन्याचा नामांकित शस्त्रवैद्य लारे. वेदना कमी करण्यासाठीं बाईंना मिळालें तें थोडेंसें मद्य. आपल्याकडे सुश्रुतानेंही मद्य पिण्याची संवय असलेल्या रोग्यास शस्त्रकर्मापूर्वीं तीक्ष्ण मद्य पाजावें असें सांगून ठेविलें आहे. म्हणजे इतक्या शतकांनंतरही ह्या बाबतींत मनुष्याची मजल फारशी पुढें गेलेली नव्हती. बर्नीबाईंनीं ती सगळी हकीकत आपल्या बहिणीस पत्रानें कळविली. तें पत्र पुरें करण्यास त्यांना कित्येक महिने लागले. आठवण हीच दुसरी शस्त्रक्रिया झाली होती. तें पत्र आज वाचणाऱ्याच्याही अंगावर कांटा उभा राहतो. ती वेदना जगास कळली, कारण जिनें ती सोसली तिला ती पुरती आठवत होती.

पुढें ३५ वर्षांनीं, म्हणजे १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं, अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें विल्यम मॉर्टन ह्या दंतवैद्यानें ईथरची वाफ हुंगवून रोग्यास बेशुद्ध केलें आणि त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्र चाललें तरी त्यानें आक्रोश केला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं एडिंबरो येथें सिम्प्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. शस्त्राची वेदना गेली. परंतु निद्रेच्या प्रदेशांत शिरण्याची वाट सुखाची नव्हती. नाकातोंडावर फडकें धरलेलें, घशांत उग्र वाफ, जीव घुसमटतो आहे आणि हातपाय झाडणाऱ्या रोग्यास चार माणसें धरून आहेत, असा तो देखावा असे. शस्त्राची भीति गेली तिच्या जागीं भुलीची भीति येऊन बसली. तेव्हां घुसमट न होतां, वास न येतां, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच झोंप लागावी असें रोगी व वैद्य ह्या दोघांनाही वाटणें साहजिकच होतें. हें साधावयाचें तर औषधानें थेट रक्तांतूनच मेंदूकडे गेलें पाहिजे.

ही कल्पना ईथरहूनही जुनी आहे. रक्त शरीरांत फिरतें हें विल्यम हार्वेनें १६२८ सालीं ग्रंथरूपानें सिद्ध केलें. त्यानंतर २८ वर्षांनीं, १६५६ मध्यें, ऑक्सफर्ड येथें ख्रिस्तोफर रेन ह्या तरुण पंडितानें एका कुत्र्याच्या शिरेंत अफूचें द्रावण सोडलें. हाच रेन पुढें लंडनच्या सेंट पॉल मंदिराचा स्थपति म्हणून अजरामर झाला. त्याचें साहित्य म्हणजे पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी आणि तिला बांधलेली प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी. कुत्रा गुंगला, पण मेला नाहीं. ह्या प्रयोगास फळ येण्यास मात्र दोन शतकें जावीं लागलीं, कारण बारीक पोकळ सुईच नव्हती. डब्लिनच्या फ्रान्सिस रिंडनें १८४४ सालीं पोकळ नळीनें कातडीखालीं अफूचा अर्क सोडून एका बाईची चेहऱ्याची कळ थांबविली. १८५३ च्या सुमारास फ्रान्समध्यें प्रावाझ व स्कॉटलंडमध्यें अलेक्झांडर वुड ह्या दोघांनीं एकमेकांच्या नकळत सुईची पिचकारी सिद्ध केली. आणि १८७४ सालीं बोर्दो येथील ओरे ह्या फ्रेंच वैद्यानें धनुर्वातानें ग्रासलेल्या एका रोग्याच्या शिरेंत क्लोरल नांवाचें निद्राजनक औषध घालून त्यास निजविलें. शिरेवाटे मनुष्यास भूल देण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होय. परंतु त्या औषधाचा धोका मोठा ठरला आणि ती पद्धति मागें पडली.

खरी वाट मोकळी झाली ती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत. १९३२ सालीं जर्मनींत एविपान हें शिरेवाटे द्यावयाचें औषध पुढें आलें आणि ८ मार्च १९३४ रोजीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत राल्फ वॉटर्स ह्यांनीं थायोपेंटोन उर्फ पेंटोथाल ह्याचा मनुष्यावर पहिला प्रयोग केला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत मेयो क्लिनिकमध्यें जॉन लंडी ह्यांनींही तें वापरण्यास आरंभ केला. पुढें अर्धशतकभर जगांतील असंख्य रोग्यांनीं शस्त्रक्रियेपूर्वीं अखेरचें पाहिलें तें ह्या फिकट पिवळ्या औषधाची पिचकारी. दहा आंकडे मोजावयास सांगावें, आणि रोग्यानें अर्ध्यावरच घोरूं लागावें, असा त्याचा प्रताप होता.

येथेंच आमच्या विषयास खरी सुरुवात होते. पेंटोथाल योग्य शिरेंत, योग्य पातळपणानें गेलें तर फारसें दुखत नसे. परंतु तें द्रावण अतिशय क्षारयुक्त. तें शिरेबाहेर पाझरलें तर भोवतालचें मांस करपून जाई. आणि दुर्दैवानें सुई शिरेऐवजीं धमनींत शिरली, तर औषधाचे सूक्ष्म स्फटिक बनून बारीक रक्तवाहिन्या तुंबत. हातांत असह्य कळ उठे, आणि बोटें सडून जाण्यापर्यंत पाळी येई. म्हणून भूल देणाऱ्यास अशी शिकवण असे कीं, प्रथम अगदीं थोडें औषध सोडावें, थांबावें आणि रोग्यास विचारावें: दुखतें का? दुखत असेल तर हात आंखडावा. ह्या अनर्थावर तोडगा निघाला तोही साधाच: शेंकडा ५ चें द्रावण टाकून शेंकडा २.५ चें वापरावें, म्हणजे चूक झाली तरी हानि कमी. त्या काळीं ही वेदना म्हणजे एक दूत होता. "सुई चुकली आहे, थांबा," असा निरोप घेऊन तो येई. आणि शहाणा वैद्य त्याचें म्हणणें ऐकून घेई.

पुढें आलेल्या औषधांनीं ह्या दुताची जात बदलली. झोंप आणणारीं पुष्कळशीं द्रव्यें पाण्यांत विरघळत नाहींत. मेंदूंत झटकन शिरावयाचें तर औषध स्निग्धप्रिय असावें लागतें, आणि जें तेलांत रमतें तें पाण्याशीं फटकून वागतें. म्हणून तीं विरघळविण्यासाठीं निरनिराळे द्रव योजावे लागले. डायझेपाम व एटोमिडेट हीं औषधें प्रॉपिलीन ग्लायकॉल ह्या द्रवांत मिसळलीं, तर शिरेंत आग होई, आणि मागाहून शीर सुजून दोरीसारखी ताठ होई. अल्थेसिन नांवाचें औषध एरंडेलापासून तयार केलेल्या क्रेमोफोर ह्या पदार्थांत मिसळलेलें असे. तें १९७१ च्या सुमारास आलें आणि कांहीं रोग्यांस त्याचें भयंकर वावडें होऊं लागल्यानें १९८४ मध्यें बाजारांतून गेलें. आतां सुई बरोबर शिरेंत असूनही दुखूं लागलें होतें. वेदना कसलाही निरोप आणीत नव्हती. ती नुसतीच येत होती. आणि ज्या पाहुण्याजवळ सांगण्यासारखें कांहीं नाहीं, त्याकडे यजमानाचें लक्ष कमी होतें, तसेंच येथें झालें.

मावशींच्या हातांत ज्यानें निखारा फिरविला त्या प्रॉपोफॉलची जन्मकथा ह्याच काळांतली आहे. इंग्लंडांतील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज ह्या कंपनीच्या प्रयोगशाळेंत जॉन ग्लेन नांवाचे एक पशुवैद्य १९७२ मध्यें नोकरीस लागले आणि त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फिनॉल कुळांतील अनेक पदार्थ उंदरांवर पारखून पाहिले. १९७३ मध्यें त्यांतील एक निवडला गेला. झोंप झटकन आणावी आणि तितक्याच झटकन ओसरूं द्यावी, मागें मळमळ व जडपणा ठेवूं नये, हे त्याचे गुण. १९७७ मध्यें मनुष्यांवर प्रयोग झाले ते क्रेमोफोरांत मिसळून. तेव्हां वावड्याचे प्रकार घडले आणि टोंचतांना दुखण्याची तक्रारही झाली. औषध जवळजवळ टाकून देण्याची वेळ आली. परंतु ग्लेन ह्यांनीं चिकाटी सोडली नाहीं. शेवटीं शेंकडा १० सोयाबीनचें तेल, अंड्याच्या बलकांतील लेसिथिन आणि ग्लिसरॉल ह्यांच्या साहाय्यानें त्याचें दुधासारखें पांढरें मिश्रण बनविण्यांत आलें आणि १९८६ सालीं तें इंग्लंडांत विक्रीस निघालें. पुढें त्यानें पेंटोथालला गादीवरून उतरविलें. ग्लेन ह्यांना ह्या कामगिरीबद्दल २०१८ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

नव्या मिश्रणानें वावड्याचा प्रश्न बव्हंशीं सुटला, दाहाचा मात्र सुटला नाहीं. कांहींही उपाय न केल्यास दर दहा प्रौढ रोग्यांपैकीं सुमारें सहा जणांस हें औषध शिरेंत शिरतांना दुखतें, असें पुढें अनेक प्रयोगांवरून ठरलें. १९९९ सालीं अमेरिकेंतील भूलतज्ज्ञांचें मत घेतलें गेलें. आपल्या नित्याच्या कामांतील महत्त्वाच्या व वारंवार येणाऱ्या अडचणींत त्यांनीं ह्या दुखण्यास सातवा क्रमांक दिला. मृत्यु, श्वासरोध, शस्त्रक्रियेंत अकल्पित जाग येणें असल्या भयंकर गोष्टींची चिंता वाहणाऱ्या मंडळींनीं दहा सेकंदांच्या दाहास एवढें मानाचें पान द्यावें, ही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

हें दुखतें तरी कशानें? तेलाच्या थेंबांत बंदिस्त असलेलें प्रॉपोफॉल निरुपद्रवी असतें. परंतु त्याचा अगदीं थोडा अंश थेंबांतून निसटून भोवतालच्या पाण्यांत मोकळा राहतो. हा मोकळा अंश शिरेच्या आंतल्या अस्तरास चटका देतो. शीर म्हणजे कांहीं निर्जीव नळी नव्हे. तिच्या भिंतींत मज्जातंतूंचीं टोकें असतात. कधीं दाह तत्क्षणीं होतो, कधीं दहा-वीस सेकंदांनीं. ह्या मागाहून येणाऱ्या दाहास रक्तांतील ब्रॅडीकायनिन नांवाचा पदार्थ कारण असावा असें कित्येकांचें मत आहे. २००८ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं आणखी एक उलगडा केला. मज्जातंतूंच्या टोकांवर जीं सूक्ष्म दारें असतात त्यांपैकीं ज्या दारावर प्रॉपोफॉल थाप मारतें, त्याच दारावर मोहरीचा अर्कही थाप मारतो. लोणच्यासाठीं मोहरी फेसतांना नाकाडोळ्यांत जो झणका शिरतो, त्याचाच हा शिरेंतला भाऊ. हें समजल्यावर मावशींच्या तक्रारीस 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावण्याची सोय कोणासही राहिली नाहीं.

आतां उपायाकडे वळूं. औषधानेंच औषधाची कळ मारावी, ही युक्ति सुचण्यास फार बुद्धि लागत नाहीं. पण तिची सामग्री पिढ्यान् पिढ्या जमवावी लागली. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर ह्यानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो असें दाखविलें आणि जागेपुरती बधिरता आणण्याच्या शास्त्राचा पाया घातला. १९०८ मध्यें बर्लिनच्या ऑगस्ट बीरनें दंडास घट्ट पट्टा आवळून, रक्ताचा ओघ थांबवून, शिरेंत बधिर करणारें औषध भरण्याची पद्धति काढली. अशा रीतीनें अख्खा हात बधिर होई. कोकेन विषारी, आणि त्याच्या जागीं आलेलें प्रोकेन लवकर ओसरणारें. ही उणीव १९४३ मध्यें स्टॉकहोम येथें नील्स लॉफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट ह्या दोघांनीं लिडोकेन शोधून भरून काढली. लुंडक्विस्टनें तर नवें औषध प्रथम स्वतःच्याच शरीरावर टोंचून पाहिलें. दांतांच्या दवाखान्यांत आपणांपैकीं बहुतेकांचा ज्याशीं परिचय झालेला असतो तें हेंच औषध.

प्रॉपोफॉल प्रचारांत येतांच कित्येक भूलतज्ज्ञ त्यांत थोडें लिडोकेन मिसळूं लागले. कोणी आधीं लिडोकेन देऊन मागाहून प्रॉपोफॉल सोडी. कोणी औषध थंड करून देई. कोणी आधीं अफूच्या जातीचें वेदनाशामक टोंची. प्रत्येकाचा आपला अनुभव आणि प्रत्येकाचा आपला अभिमान! ह्या गोंधळांत निवाडा केला तो मोजदादीनें. २००० सालीं पिकार व ट्रॅमेर ह्या दोघा संशोधकांनीं ५६ प्रयोगांतील सहा हजारांवर रोग्यांची आंकडेवारी एकत्र करून तपासली. निष्कर्ष असा निघाला कीं, सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे बीरच्या पद्धतीचीच धाकटी आवृत्ति होय. हातास रबरी पट्टा आवळावा, वजनाच्या दर किलोमागें अर्धा मिलिग्राम लिडोकेन शिरेंत सोडावें, अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत थांबावें, मग पट्टा सोडून भुलीचें औषध द्यावें. दहा जणांस असें केलें तर एरव्हीं ज्यांना दुखलें असतें असे सुमारें सहा जण सुटतात. २०११ सालीं १७७ प्रयोग व २५,२६० रोगी एवढ्या मोठ्या सामग्रीवरून पुन्हा तपास झाला. त्यांत ह्या उपायाच्या जोडीस आणखी एक उपाय बसला, तोही बिनखर्ची: हाताच्या पाठीवरील बारीक शीर सोडून कोपराच्या आंतील रुंद शीर घ्यावी. मोठ्या शिरेंत रक्ताचा लोंढा मोठा, त्यामुळें औषध झटकन पातळ होतें आणि शिरेच्या भिंतीस कमी भिडतें. ज्या युक्तीनें पेंटोथालचा धोका कमी झाला, तीच ही पातळ करण्याची युक्ति.

इकडे भूलतज्ज्ञ उपाय शोधीत असतां तिकडे रसायनशास्त्रज्ञ औषधच बदलूं पाहात होते. खोबरेलांत जीं मध्यम लांबीचीं स्निग्धाम्लें सांपडतात त्यांची जोड सोयाबीनच्या तेलास दिली, तेव्हां मोकळें प्रॉपोफॉल कमी झालें आणि दाहही कांहींसा कमी झाला. दक्षिण कोरियांत तेल अजिबात वगळून सूक्ष्म कणांचें पारदर्शक मिश्रण करण्यांत आलें. तर मोकळा अंश वाढून तें अधिकच दुखूं लागलें. पाण्यांत विरघळणारें व शरीरांत गेल्यावर प्रॉपोफॉलमध्यें रूपांतर पावणारें फॉस्प्रॉपोफॉल २००८ च्या अखेरीस अमेरिकेंत मंजूर झालें. हाताची आग थांबली, पण पुष्कळ रोग्यांस भलत्याच अवघड जागीं आग व खाज सुटूं लागली! २०२० मध्यें प्रथम जपानांत व मागाहून अमेरिकेंत मान्यता मिळालेलें रेमिमॅझोलाम हें औषध पाण्यांत विरघळतें आणि तें टोंचतांना क्वचितच दुखतें. तथापि प्रॉपोफॉलची जागा घेण्याइतका त्याचा प्रसार झालेला नाहीं. एवंच, मोठमोठ्या प्रयोगशाळांच्या खटाटोपापेक्षां रबराचा पट्टा, थोडेंसें स्वस्त लिडोकेन आणि मिनिटभराचा धीर हींच आजवर अधिक उपयोगी पडलीं आहेत.

येथें कोणी सुज्ञ वाचक म्हणेल कीं, हें सर्व ठीक. पण ज्याच्या पोटावर शस्त्र चालावयाचें त्याच्या हाताच्या दहा सेकंदांच्या जळजळीचें एवढें कौतुक कशाला? हा आक्षेप आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. भूलतज्ज्ञाचें पहिलें कर्तव्य रोग्याचा प्राण राखण्याचें आहे, सुख राखण्याचें नंतर. अपघातानें रक्तबंबाळ होऊन आलेल्या मनुष्याजवळ पट्टा आवळून बसण्यास वेळ नसतो. लिडोकेन अति झालें तर तेंही विषच. तें प्रॉपोफॉलच्या पिचकारींत बेसुमार मिसळून ठेविलें तर तेलाचे थेंब एकमेकांस चिकटून मिश्रण बिघडतें. कोपराची शीर घ्यावी, तर हात दुमडला कीं नळी मुडपते, आणि औषध बाहेर पाझरलें तरी लौकर ध्यानांत येत नाहीं. तेव्हां प्रत्येकानें डोळे मिटून हेंच करावें असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. परंतु जेथें वेळ आहे, साधन आहे आणि धोका नाहीं, तेथेंही तें न करण्याचें कारण काय? कारण पाहूं गेल्यास बहुधा एकच निघतें: रोगी विसरून जातो.

आमच्या मतें ह्या लहानशा इतिहासाचें मर्म येथें आहे. बर्नीबाईंच्या वेदनेनें आपली साक्ष स्वतः लिहून ठेविली. भुलीच्या औषधाच्या वेदनेची गोष्ट निराळी. ती ज्या औषधानें उत्पन्न होते, तेंच औषध तिची साक्ष पुसून टाकतें. अपराध आणि अपराधाचा पुरावा नष्ट करणारा हात, दोन्ही एकाच पिचकारींत! रोगी शुद्धीवर येतो तेव्हां कृतज्ञ असतो, सुटल्याच्या आनंदांत असतो, आणि बहुधा कांहीं सांगत नाहीं. मावशींसारखे थोडे जण सांगतात. अशांच्याच बोलण्यावरून हें कळूं लागलें कीं, शस्त्रक्रियेच्या सगळ्या प्रवासांत सर्वांत दुखलें काय, ह्या प्रश्नाचें उत्तर कांहीं रोग्यांपुरतें 'भूल देण्याचें औषध' असें आहे.

बाकीच्यांची वेदना मग कशी कळली? तर तेवढ्या दहा सेकंदांतच विचारून. ज्या प्रयोगांची आंकडेवारी वर दिली, त्यांत उपकरणें मोठीं नव्हतीं. मात्रेचा थोडा भाग सोडावयाचा आणि रोग्याची शुद्ध जाण्यापूर्वीं त्यास विचारावयाचें: दुखतें का? उत्तर 'नाहीं', 'थोडें', 'बरेंच' किंवा 'फार' ह्या चार रकान्यांपैकीं एकांत लिहावयाचें; रोग्यानें हात आंखडला, तोंड वेंगाडलें, डोळ्यांत पाणी आणलें तर तेंही टिपावयाचें. पेंटोथालच्या काळीं वैद्य हाच प्रश्न सुई चुकली कीं काय हें कळावें म्हणून विचारी; आतां तोच प्रश्न रोग्यासाठीं विचारला जाऊं लागला. प्रश्नाचे शब्द बदलले नाहींत, त्याचा धनी बदलला. विसरली जाणारी वेदनाही ती असेपर्यंत पुरती वेदनाच असते, आणि ज्या क्षणीं ती सोसावी लागते त्या क्षणीं सोसणारा जागाच असतो, एवढें ह्या प्रश्नानें मान्य केलें.

लहान मुलांच्या बाबतींत तर हें मान्य करणें अधिकच अगत्याचें आहे. मुलांस काय आठवतें, आणि न आठवतांही काय मनांत राहतें, हें कोणी सांगावें? १९८० च्या दशकांत स्वीडनमध्यें लिडोकेन व प्रिलोकेन ह्यांचा एक मलम निघाला; तो टोंचण्याच्या जागीं तासभर आधीं लावून वर पट्टी बांधली म्हणजे कातडी बधिर होऊन सुईची टोंच जाणवत नाहीं. त्यानें शिरेच्या आंतील दाह थांबत नाहीं, तेवढ्यासाठीं वरचाच उपाय हवा. तरी पण सुईची भीति गेली म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. तासभर आधीं आठवण ठेवून मलम लावणारें कोणीतरी असावें, एवढीच त्यास अट आहे. आणि ती अट औषधाच्या किंमतीपेक्षां महाग पडते हें सर्वांस ठाऊक आहे.

आपल्या मराठी भाषेनें संज्ञा हरण करण्याच्या ह्या विद्येस 'भूल' हें मोठें मार्मिक नांव दिलें आहे. भूल म्हणजे मोहिनी. भूल म्हणजे विसर. आणि भूल म्हणजे चूकही. पहिल्या दोन अर्थांनीं ही विद्या मनुष्यजातीस वरदान ठरली आहे. तिसरा अर्थ तिला लागूं नये म्हणून एवढेंच करावयाचें कीं, रोग्याच्या विसरण्यावर आपण आपल्या विसरण्याची भिस्त ठेवूं नये.

पुढच्या महिन्यांत मावशींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. ती जागेपुरत्या बधिरतेनें होणार असल्यामुळें शिरेंत तें पांढरें औषध सोडण्याचा प्रसंग येणार नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. तरीही मावशींनीं आम्हांस बजावून ठेविलें आहे: "तिथें कोणी हातांत कांहीं सोडायला आलेंच, तर दुखतें का म्हणून विचारा म्हणावें, आणि मी सांगेपर्यंत थांबा म्हणावें." दोन शतकांच्या इतिहासाचें सार एवढ्या थोडक्यांत आम्हांस सांगतां आलें नसतें.